विलंबाचे सेकंद

छंद म्हणून मोठी रॉकेटे उडवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘मोटर’ हा शब्द विजेच्या यंत्रासाठी येत नाही. घन इंधन भरलेली, पुढच्या बाजूने बंद, मागच्या बाजूला वायू सुटण्यासाठी अरुंद गळ्याचे नोझल बसवलेली आणि एकदा पेटल्यावर मध्येच विझवता न येणारी नळी म्हणजे मोटर. आणि या अर्थाने पाहता दिवाळीत बाटलीत उभा करून सोडला जाणारा बाण हीसुद्धा एक मोटर आणि एक काडी यांचीच जोडी असते, कारण पुठ्ठ्याच्या नळीत ठासलेली दारू त्याला रेटा देते आणि लांब काडी त्याचे तोंड वरच्या दिशेला ठेवते. अमेरिकेत ज्याला हाय-पॉवर रॉकेटरी म्हणतात त्या छंदातही तत्त्व हेच आहे. मात्र बाण जेथे फुटून किंवा जळून संपतो तेथे या रॉकेटाचे निम्मे काम अजून बाकी असते, कारण त्याला पॅराशूटच्या आधाराने, न मोडता, पुन्हा उडवता येईल अशा स्थितीत जमिनीवर परत यावे लागते. मोठ्या मोटरी वापरण्याची मुभा देणाऱ्या प्रमाणपत्रासाठीच्या उड्डाणात परीक्षा होते ती या परत येण्याची, आणि म्हणून त्या उड्डाणासाठी मोटर निवडणे हे वरवर शक्तीच्या निवडीचे काम दिसले तरी त्यातला खरा कस वेळेच्या निवडीत लागतो. पुढील विवेचन या कामात प्रत्यक्ष गेलेल्या दिवसांवर आधारलेले आहे.

मोटरींची वर्गवारी इंग्रजी अक्षरांनी केली जाते आणि ती ‘एकूण आवेग’ या राशीवर उभी आहे. आवेग म्हणजे रेटा आणि तो जितका काळ टिकला तो काळ यांचा गुणाकार. शंभर ग्रॅमचे वजन तळहातावर जो भार देते तो ढोबळमानाने एक न्यूटन धरला, तर दहा न्यूटनांचा रेटा दोन सेकंद टिकल्यास वीस न्यूटन-सेकंद इतका आवेग मिळाला असे म्हणता येते. प्रत्येक अक्षराची कमाल मर्यादा मागच्या अक्षराच्या दुप्पट असते, त्यामुळे ए वर्गाच्या २.५ न्यूटन-सेकंदांपासून चढत गेलेली ही शिडी ‘जी’ या वर्गाशी १६०वर पोहोचते, तेथून ३२०पर्यंत एच आणि ६४०पर्यंत आय असे पुढचे दोन वर्ग येतात, आणि हेच दोन वर्ग प्रमाणपत्राच्या पहिल्या पातळीसाठी ठरलेले आहेत. जे, के आणि एल हे वर्ग दुसऱ्या पातळीचे असून त्यासाठी लेखी परीक्षाही द्यावी लागते. एम, एन आणि ओ हे तिसऱ्या पातळीचे. येथे विचार केला आहे तो फक्त पहिल्या पातळीचा, कारण मोटर निवडण्याची सवय जी लागायची ती येथेच लागते.

मोटरीचे नाव वाचता येणे ही या कामातली पहिली पायरी होय. एअरोटेक या अमेरिकन कंपनीच्या ‘एच १२८ डब्ल्यू-१४’ अशा नावात चार गोष्टी एका ओळीत सांगितलेल्या असतात: एच हा आवेगाचा वर्ग, १२८ हा न्यूटनमधला सरासरी रेटा, डब्ल्यू ही इंधनाच्या जातीची खूण (पांढरी झळझळीत ज्वाला देणारे, ‘व्हाइट लाइटनिंग’ या नावाचे इंधन) आणि शेवटचा १४ हा विलंब, म्हणजे इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर फेकणारी दारू पेटेपर्यंतचे सेकंद. नवख्या उमेदवाराची नजर पहिल्या दोन गोष्टींवर खिळते आणि चौथीकडे ती बहुधा शेवटी जाते, असा अनुभव आहे.

प्रमाणपत्रासाठी अशी परीक्षा घेण्याची गरज का पडली, हे थोडक्यात नोंदवणे इष्ट ठरेल. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी पादत्राणांचे दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४च्या सुमारास, आपल्या भावाच्या विमानांच्या छंदाला पूरक म्हणून, मोटर बदलून पुन्हा उडवता येईल असे हलके कागदी रॉकेट तयार केले, आणि न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या चाचणी क्षेत्रावर काम करणारे हॅरी स्टाइन यांना त्यात सुरक्षित छंदाची वाट दिसली. लोखंडी नळ्यांत घरगुती मिश्रणे ठासून हातपाय गमावणाऱ्या मुलांचा तो काळ होता. इंधन स्वतः मिसळायचे नाही, कारखान्यात तयार झालेली आणि तपासलेली मोटरच वापरायची, रॉकेटाचा सांगाडा कागद, लाकूड, प्लास्टिक अशा हलक्या पदार्थांचा ठेवायचा, हा करार त्यातून रुजला आणि १९५७मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संस्था स्थापन झाली. पुढे पेनसिल्व्हेनियातून वाढलेली ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन ही दुसरी संस्था मोठ्या मोटरींच्या बाजूने उभी राहिली. या मोठ्या मोटरींतले इंधन म्हणजे अमोनियम परक्लोरेट हा प्राणवायू पुरवणारा क्षार, ॲल्युमिनियमची भुकटी आणि या सगळ्याला धरून ठेवणारे रबर यांचे मिश्रण. ते हाताला पेन्सिल खोडण्याच्या कडक रबरासारखे लागते. ते स्फोटकांच्या सरकारी यादीत असावे की नाही यावर या दोन्ही संस्थांनी २०००मध्ये दाखल केलेला खटला २००९पर्यंत चालला, आणि वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी संस्थांच्या बाजूने निकाल दिला. सरकारी यादीतून इंधन सुटले, पण संस्थांनी स्वतःवर घातलेली बंधने, आणि त्यांतलीच ही परीक्षा, सुटली नाहीत, आणि छंद टिकून राहिला तो या स्वयंशिस्तीवरच, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

आता एक ठरावीक रॉकेट समोर ठेवले म्हणजे निवडीचा प्रश्न हाताशी येतो. पहिल्या पातळीसाठी पुष्कळ उमेदवार चार इंच, म्हणजे सुमारे १०२ मिलिमीटर व्यासाचे, जाड पुठ्ठ्याच्या नळीचे आणि प्लायवुडच्या तीन-चार पंखांचे रॉकेट बांधतात. मोटर बसवण्याची आतली नळी ३८ मिलिमीटरची असते आणि २९ मिलिमीटरची बारीक मोटर बसवायची झाल्यास मधे जोडनळी घालता येते. ज्या रॉकेटावरून पुढचे आकडे घेतले आहेत ते याच घडणीचे होते. संगणकावरील आराखड्यात त्याचे वजन मोटरीसह १.४ किलो दिसत होते, प्रत्यक्ष काट्यावर मात्र ते १.६ किलो भरले. जास्तीचे दोनशे ग्रॅम कोठून आले याचा शोध घेतला तेव्हा ते पंखांच्या मुळाशी भरलेल्या इपॉक्सीत आणि रंगाच्या तीन थरांत सापडले. अशा वेळी बांधणाऱ्याच्या मनात एक मोह हटकून उभा राहतो: रॉकेट जड झाले, तर मोटरही तगडी घ्यावी, एचऐवजी आय घ्यावी, म्हणजे उंचीही मिळेल आणि उड्डाण पाहणाऱ्यांच्या लक्षात राहील. हा मोह समजण्यासारखा असला तरी या पातळीवर तो आवरलेलाच बरा, आणि त्याची कारणे रॉकेटाच्या प्रवासाच्या क्रमानेच मांडता येतात.

पहिला प्रश्न रेलवरचा असतो. रेल म्हणजे उड्डाणाच्या सुरुवातीला रॉकेटाला सरळ ठेवणारा ॲल्युमिनियमचा उभा खांब. त्याच्या खाचेत रॉकेटाच्या अंगावरची दोन बटणे सरकत जातात आणि रेल संपताच रॉकेट केवळ आपल्या पंखांच्या भरवशावर राहते. पंख काम करतात ते वाहत्या हवेवर, म्हणून रेल सोडताना पुरेसा वेग नसेल तर पंख असूनही उपयोगाचे नसतात. संस्थांच्या सुरक्षा-संहितेनुसार उड्डाणाच्या वेळचे वजन मोटरीच्या सरासरी रेट्याच्या एक तृतीयांशाहून अधिक असता कामा नये, पण ही सीमारेषा आहे. मैदानावरची जाणती मंडळी रेटा वजनाच्या पाचपट तरी असावा असे सांगतात आणि त्यांचे ऐकण्यात शहाणपण आहे. १.६ किलोचे वजन म्हणजे सुमारे १५.७ न्यूटन; १२८ न्यूटनांचा रेटा त्याच्या आठपट होतो, आणि दीड मीटर उपयुक्त लांबीच्या रेलवरून रॉकेट सेकंदाला साडेचौदा मीटर इतक्या वेगाने सुटते. आडवा वारा सेकंदाला पाच मीटरचा असेल तर या वेगाला हवा सुमारे १९ अंशांनी तिरपी येऊन लागते. तोच सुटण्याचा वेग दहा मीटरवर आला तर कोन २७ अंशांच्या आसपास जातो आणि रॉकेट वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे तोंड फिरवून उतरत्या छपराच्या कलाने निघून जाते.

याच टप्प्यावर एकाच अक्षराच्या आत किती अंतर असू शकते हे ध्यानात येते. एच वर्गात ४५ न्यूटन सरासरी रेट्याची मोटर असते आणि ९९९ न्यूटनांचीही असते. पहिली मंद आणि लांब जळते, धुराची सुंदर रेघ ओढते, पण वरच्या रॉकेटाला ती वजनाच्या तिप्पट रेटाही देऊ शकत नाही, म्हणजे ती संहितेच्या सीमेबाहेरच पडते. दुसरी सुमारे एक तृतीयांश सेकंदात आपला सारा आवेग ओतून मोकळी होते आणि रॉकेटाला गुरुत्वाकर्षणाच्या साठपट प्रवेग देते, जो पुठ्ठ्याच्या नळीला आणि हाताने चिकटवलेल्या पंखांना सोसेलच याची खात्री देता येत नाही. अक्षरावरून ताकदीचा अंदाज बांधणे हे पातेल्याच्या आकारावरून आचेचा अंदाज बांधण्यासारखे आहे. सरासरी आकडाही पुरा पडत नाही, कारण काही मोटरी सुरुवातीला जोर धरून मग उतरतात तर काही हळूहळू चढतात, आणि रेलसाठी महत्त्वाचा असतो तो पहिल्या पाव सेकंदातला रेटा. म्हणून रेट्याचा आलेख, म्हणजे काळानुसार रेटा कसा बदलतो याची रेषा, डोळ्यांखालून घातल्यावाचून मोटर पक्की करू नये.

दुसरा प्रश्न तोलाचा. रॉकेटाचे सगळे वजन ज्या बिंदूशी तोलले जाते तो गुरुत्वमध्य, आणि हवेचा सगळा आडवा दाब ज्या बिंदूशी एकवटला असे मानता येते ते दाबकेंद्र. गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, निदान एका व्यासाइतका, म्हणजे या रॉकेटात दहा सेंटिमीटर तरी असावा लागतो. दाबकेंद्र काढण्याची जेम्स बॅरोमन यांची १९६०च्या दशकातली रीत आजही वापरात आहे आणि हेलसिंकीतील सॅम्पो निस्कानेन यांच्या प्रबंधातून निघालेल्या ओपनरॉकेट या मोफत आज्ञावलीत ती हिशेबासाठी घेतलेली आहे. मोटर शेपटीत बसत असल्यामुळे जड मोटर घेतली की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि पंखांच्या मुळाशी सढळ हाताने ओतलेले इपॉक्सीही त्याच दिशेने ओढते. वर सांगितलेल्या रॉकेटात २९ मिलिमीटरची एच मोटर बसवून आणि पॅराशूट ठेवून दोऱ्यावर तोल पाहिला तेव्हा अंतर दीड व्यासाचे भरले. ३८ मिलिमीटरची आय मोटर धरली तर ते एका व्यासाजवळ आले असते आणि नाकात शिसे भरावे लागले असते, म्हणजे पुन्हा वजन वाढले असते. तोल कागदावर न काढता दोऱ्यावर काढावा हा आग्रह येथे मुद्दाम धरला आहे.

तिसरा प्रश्न विलंबाचा, आणि सर्वाधिक वेळ याच प्रश्नाला द्यावा लागतो. इंधन संपते तेव्हा रॉकेट आपल्या प्रवासाच्या अगदी सुरुवातीला असते. वरच्या रॉकेटाचेच उदाहरण घेतले तर सुमारे १७० न्यूटन-सेकंदांची एच १२८ जेमतेम १.३ सेकंद जळते, त्या क्षणी रॉकेट साठेक मीटर उंचीवर असते आणि त्याचा वेग सेकंदाला ८८ मीटरच्या आसपास असतो. त्यानंतर ते केवळ मिळालेल्या वेगाच्या जोरावर, हवेशी आणि गुरुत्वाकर्षणाशी झुंजत, साडेसहा सेकंद वर जात राहते आणि जवळपास तीनशे मीटर उंचीवर त्याचा वेग शून्यावर येतो. वर जाणे थांबले आहे आणि खाली येणे सुरू झालेले नाही, असा तो बिंदू असतो. पॅराशूट उघडायचे ते तेथे, कारण तेथेच कापडाला, दोऱ्यांना आणि नळीला कमीत कमी हिसका बसतो.

हा क्षण ओळखणारे कोणतेही यंत्र साध्या मोटरीत नसते. इंधनाच्या पुढे, मोटरीच्या डोक्याशी, संथ जळणाऱ्या मिश्रणाची एक गोटी बसवलेली असते, तिला विलंबक म्हणता येईल. मुख्य इंधन संपल्यावरही ही गोटी ठरावीक गतीने जळत पुढे जाते, तेवढ्या वेळात मागे धुराची बारीक रेघ सोडते, आणि तिच्या टोकाला ठेवलेल्या काळ्या दारूपर्यंत पोहोचली की दारू भडकून नळीत दाब तयार होतो व नाकाचा शंकू पॅराशूटसह बाहेर फेकला जातो. एच १२८च्या नावातला १४ हा आकडा या गोटीचा आहे, आणि ती तशीच बसवली तर काय होईल याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहण्याजोगा आहे. शिखर साडेसहा सेकंदांनी येते, दारू चौदा सेकंदांनी पेटते, म्हणजे मधले साडेसात सेकंद रॉकेट नाक खाली करून पडत असते; एवढ्या अवधीत ते सुमारे २४० मीटर खाली येते आणि त्याचा वेग सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. जमिनीपासून साठ मीटरवर, या वेगात, पॅराशूट बाहेर येते. कापड उघडले तर नाकाला आणि नळीला जोडणारा पट्टा पुठ्ठ्याच्या तोंडाला असा कापत जातो की नळी चेन उघडल्यासारखी उभी चिरते. या जखमेला मैदानावर ‘झिपर’ असेच नाव आहे आणि ती झालेले रॉकेट परत मिळाले तरी प्रमाणपत्र मिळत नाही. उलट बाजूने चूक झाली, विलंब दोनच सेकंदांचा ठेवला, तर रॉकेट सेकंदाला पन्नास मीटरने वर जात असतानाच दारू भडकते आणि परिणाम तोच होतो.

म्हणून गोटी कमी करावी लागते. एअरोटेकच्या विलंबकात दर सेकंदाला सुमारे एका इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे आठ दशांश मिलिमीटर जळतो, आणि त्यासाठी मिळणाऱ्या हातगिरमिटाने दारूच्या बाजूने भोक पाडून दोन, चार, सहा किंवा आठ सेकंद उणे करता येतात. चौदातून आठ वजा करून सहा उरवण्यासाठी जेमतेम सव्वासहा मिलिमीटर खोल भोक पुरते. हे काम पाहताना त्यातले गांभीर्य चटकन लक्षात येत नाही: बोटांच्या चिमटीत मावणारी करडी गोटी, तिच्यावर बसवलेले प्लास्टिकचे अवजार, हाताने सावकाश दिलेले फेरे, आणि कागदावर साचत जाणारी काळसर भुकटी. फेरा जोराने दिला तर भोक तिरपे जाते. भुकटी झटकली नाही तर खोली कळत नाही. आणि एकदा कोरलेले परत भरता येत नाही. भोक पाडून झाल्यावर काडीने खोली मोजणे आणि दुसऱ्या कोणाला मोजायला लावणे हा शिरस्ता पाळावा, कारण सुरक्षित परतण्याचा सगळा भार या सहा मिलिमीटरांवर आहे. शिवाय विलंबकाचे जळणे घड्याळाइतके काटेकोर नसते. सेकंदभर इकडेतिकडे होणे धरूनच चालावे लागते, आणि रॉकेटाने शिखराच्या आगेमागे एक सेकंद हिसका सोसावा इतके ते मजबूत बांधलेले असावे लागते.

वजनाच्या बाबतीत येथे एक गोष्ट आढळली, जी अपेक्षेच्या उलट होती. १.४ किलो धरून काढलेला विलंब आणि १.६ किलो धरून काढलेला विलंब यांत फरक पडला तो जेमतेम दोन दशांश सेकंदांचा, जरी उंचीत चाळीस मीटरची घट झाली. कारण असे की जड रॉकेट कमी वेगाने निघते, पण त्याच्या वेगाला हवेचा अडथळा तितक्या लवकर खाऊन टाकत नाही, आणि या दोन परिणामांची बरीचशी फिटंफाट होते. वजन चुकल्याची शिक्षा विलंबात फारशी मिळत नाही. ती रेलवर आणि तोलात मिळते. कोणत्या चुकीची झळ कोठे लागेल हे असे सुटे सुटे ओळखता येऊ लागले की निवड करणाऱ्याची धास्ती कमी होते आणि काळजी योग्य जागी जाते.

चौथा प्रश्न मैदानाचा. अमेरिकेत अशी उड्डाणे नेव्हाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटासारख्या कोरड्या तळपात्रांवर होतात, जेथे नजर पोहोचेल तेथवर भुईसपाट माती असते, पण मध्य-पश्चिमेतल्या किंवा पूर्वेकडच्या पुष्कळ मंडळांना पीक काढलेल्या शेतांवर किंवा हिरवळीच्या मळ्यांवर भागवावे लागते, आणि कडेला झाडे, ओढा, डांबरी रस्ता व शेजाऱ्याचे मक्याचे उभे पीक असते. पॅराशूटखाली रॉकेट सेकंदाला सहा मीटर उतरत असेल तर तीनशे मीटरांवरून खाली यायला पन्नास सेकंद लागतात, आणि सेकंदाला पाच मीटरचा मध्यम वारा त्याला तेवढ्यात अडीचशे मीटर वाहून नेतो. तेच रॉकेट सव्वातीनशे न्यूटन-सेकंदांच्या आय २०० मोटरीवर उडवले असते तर ते ५८० मीटरांच्या आसपास गेले असते आणि पाचशे मीटर वाहिले असते. मैदानाची कड चारशे मीटरवर असेल तर हा फरक म्हणजे रॉकेट कापलेल्या धाटांवर सापडणे आणि झाडाच्या शेंड्यावर लटकलेले पाहणे यांतला फरक होय. जे रॉकेट परीक्षकाच्या हाती परत येत नाही त्याचे उड्डाण कितीही देखणे झालेले असले तरी ते धरले जात नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे येथे शब्दशः लागू पडते, आणि विमान वाहतुकीच्या प्रशासनाने त्या मैदानाला दिलेली उंचीची मर्यादाही त्याच अंथरुणाचा भाग असते.

इंधनाच्या रंगाची निवड ही पुष्कळांना हौसेची बाब वाटते. तांबडी ज्वाला, निळसर ज्वाला, दाट काळा धूर असे प्रकार मिळतात आणि काळा धूर उंचावरचे रॉकेट डोळ्यांना सापडण्यासाठी खरोखर उपयोगी पडतो. टायटॅनियमचे कण घातलेल्या, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडवणाऱ्या मोटरींना मात्र वाळलेल्या गवताच्या मैदानांवर बंदी असते, आणि ती योग्यच आहे.

ठरवलेली मोटर हाती पडेलच असेही नसते, आणि हा भाग पुस्तकी तयारीत सहसा येत नाही. प्रमाणपत्र नसलेल्याला हाय-पॉवर मोटर आधी घरी आणून ठेवता येत नाही. ती त्याला प्रमाणन-उड्डाणासाठी, बहुधा मैदानावर येणाऱ्या विक्रेत्याकडूनच मिळते. आठवडाभर ज्या एका मोटरीवर सारे आकडे बांधले ती त्या सकाळी विक्रेत्याच्या गाडीत संपलेली असते, आणि तिच्या जागी त्याच अक्षराची पण वेगळ्या रेट्याची दुसरी समोर येते. हातात लॅपटॉप, मागे रांग आणि वारा वाढत चाललेला, अशा स्थितीत घेतलेला निर्णय चुकण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे एकीऐवजी तीन मोटरी आधीच तपासून, प्रत्येकीचा रेलवरचा वेग, उंची आणि विलंब एका कार्डावर लिहून नेणे, आणि तिन्ही मिळाल्या नाहीत तर उड्डाण पुढच्या महिन्यावर टाकण्याची मनाची तयारी ठेवणे, याला पर्याय नाही. निवडलेली मोटर संस्थांच्या चाचणीतून मान्य झालेल्या यादीत आहे याचीही तेथेच खात्री करून घ्यावी.

पुन्हा भरता येणारी मोटर घेतली तर ती जुळवण्याचे काम उमेदवाराला स्वतः करावे लागते. टेबलावर स्वच्छ कापड पसरून त्यावर ॲल्युमिनियमचे केसिंग, पुठ्ठ्याचे अस्तर, मध्ये आरपार भोक असलेले इंधनाचे दट्टे, नोझल, दोन्ही टोकांची झाकणे आणि रबरी ओ-रिंगा क्रमाने मांडायच्या, रिंगांना ग्रीसचा पातळ हात द्यायचा, आणि ते ग्रीस इंधनाला किंवा विलंबकाच्या जळणाऱ्या तोंडाला लागू द्यायचे नाही. रिंग बोटाने फिरवताना तिच्यावर केसाएवढा चरा जाणवला तरी ती बाजूला ठेवावी लागते, कारण आतल्या तप्त वायूला तेवढी वाट पुरते. त्यानंतर नाकाचा शंकू धरून सगळे रॉकेट उचलून पाहायचे: स्वतःच्या भाराने ते शंकूपासून निसटता कामा नये, पण हलका झटका दिला की सुटले पाहिजे. फार घट्ट असेल तर दारूचा दाब कमी पडतो, फार सैल असेल तर इंधन संपताच वेग मंदावण्याच्या हिसक्याने नाक आपोआप पुढे निघून जाते. कागदी चिकटपट्टीचा एक वेढा कमीजास्त करून हा घट्टपणा साधला जातो, आणि विलंबाचा इतका बारीक हिशेब केल्यानंतर तो अखेर या वेढ्याच्या हवाली होतो.

वरील रॉकेट ज्या सकाळी उडाले त्या सकाळी वारा ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास होता. संहितेची मर्यादा ३२ किलोमीटरची आहे. सुरक्षा अधिकाऱ्याने पंख हाताने दाबून पाहिले, गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्र यांच्या खुणा पाहिल्या, विलंब किती ठेवला आणि का ठेवला हे विचारले, आणि उत्तर ऐकून कार्डावर सही केली. पेटवणीची तार नोझलमधून आत, पार वरच्या टोकापर्यंत सरकवून झाल्यावर उमेदवार मागे आला. पाच आकड्यांची उलटमोजणी, एक क्षण काहीच नाही, मग पांढरी ज्वाला आणि रॉकेट रेलवर नव्हते. इंधन संपल्यावर जी शांतता पसरते तिच्यात पाहणारे सगळे मनातल्या मनात मोजत असतात. धुराची बारीक रेघ वर जात जात वाकू लागली, रॉकेट जवळपास आडवे झाले, थोडे कललेही, आणि मग कापूस फुटावा तसा एक ठिपका दिसला. दारूचा आवाज त्यानंतर आला.

रॉकेट रेलपासून दोनशे पावलांच्या थोडे पुढे, कापलेल्या धाटांत पडलेले सापडले. परीक्षकाने नळीच्या तोंडावरून बोट फिरवले, पंख एकेक करून हलवून पाहिले, मोटर जागेवर असल्याची खात्री केली. केसिंग अजून कोमट होते. ते थंड होऊन काजळी घट्ट धरण्याआधी उघडलेले चांगले, म्हणून त्याच टेबलावर झाकणे फिरवून अस्तर बाहेर काढले गेले आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात आतली बाजू पुसली गेली. संध्याकाळी चित्रफितीवरून वेळ मोजला तेव्हा इंधन संपल्यापासून पॅराशूट बाहेर येईपर्यंत सात सेकंद भरले, ठरवलेल्या सहापेक्षा एक जास्त, आणि तो आकडा त्या मोटरीच्या नावासमोर, कोरलेल्या भोकाच्या खोलीसह, वहीत उतरवला गेला.